तिथं जाऊन मी काय शिकालोय?

वाचक बहिणीचं पत्र:

प्रभूमध्ये सलाम. आम्ही खानापूर तालुक्यातले, मेथडिस्ट पंथाचे ख्रिस्ती. मालक बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला जातात, मी घर आणि दोन एकर भात बघते. आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, चाळीसेक घरांची. पाळकसाहेबांकडं चार गावं आहेत, ते एक रविवार सोडून येतात. मधल्या रविवारी वडीलजनांपैकी कुणीतरी उपासना चालवतं. थोरली मुलगी सतरा वर्षांची, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. सहा महिने झाले, ती रविवारी देवळात यायला नको म्हणते. म्हणते, “मोबाईलवर मोठमोठ्या उपदेशकांचं रोज ऐकतो. बायबल घरी वाचतो. तिथं जाऊन मी काय शिकालोय ते तरी सांग.” तिची शाळा कन्नड, आता कॉलेज इंग्रजी, त्यामुळं मराठी उपदेशातलं निम्मं तिच्या डोक्यावरून जातं. येत्या ईस्टरला तिचं दृढीकरण, म्हणजे मंडळीसमोर स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा विधी, ठरलाय. मालक म्हणतात, ओढत ने, लोक काय म्हणतील. मी आठवी शिकलेली, तिला काय उत्तर देऊ कळेना. आणि खरं सांगू? रात्री झोप लागत नाही तेव्हा मलाच वाटतं, तीस वर्षं जाऊन मी तरी काय शिकले? चार वचनं येतात, गीतं येतात, बस्स. पत्राला उशीर झाला. शेजारच्या आज्जीचे मालक वारले, तिच्या सोबतीला पंधरा दिवस रात्री झोपायला जात होते.

उत्तर:

ताई, सलाम.

आधी एकच सांगते, कारण येत्या रविवारी सकाळी तुमच्या घरात तोच वाद पुन्हा होणार. मुलीला ओढत नेऊ नका. मालकांनाही हा निरोप द्या. सतरा वर्षांची पोर हात धरून बाकावर बसवता येते, पण बसलेली पोर तिथं एवढंच शिकते की देवाचं घर म्हणजे ओढत नेण्याची जागा. हा धडा एकदा बसला की पुसायला फार वर्षं जातात. मला ठाऊक आहे, माझी दोन वर्षं गेली.

मी दहा वर्षांची होते. धाकटा भाऊ तापानं गेला. आमच्या सगळ्या मंडळीनं त्याच्यासाठी प्रार्थना केली होती, घरात रात्रभर लोक बसून होते. पुढच्या रविवारी संडे स्कूलमध्ये मी विचारलं, आपण एवढं मागितलं, मग देवानं दिलं का नाही? शिकवणाऱ्या बाईंनी हातावर पट्टी मारली. असले प्रश्न सैतान विचारायला लावतो, म्हणाल्या. त्यानंतर दर रविवारी वडील मला हाताला धरून नेत आणि मी ओठ मिटून बसत असे. गीत म्हणायची नाही, वचन सांगायची नाही. मला परत आणलं ते घंटा वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. एकदा उपासनेआधी ते पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “माझा पण एक गेला, तुझ्या भावाएवढा. मी पण देवाला विचारतो. अजून विचारतो.” मग उठले आणि घंटेचा दोर माझ्या हातात दिला. पुढं मी चाळीस वर्षं संडे स्कूल शिकवलं, पण श्रद्धा कशाला म्हणतात ते मला त्या दोराशी कळलं. विचारत राहायचं आणि घंटाही वाजवायची.

म्हणून तुमच्या लेकीचा प्रश्न मला उद्धटपणा वाटत नाही. तो खरा प्रश्न आहे आणि त्याला खरं उत्तर दिलं पाहिजे. “मोठ्यांचं ऐकावं” हे काही उत्तर नव्हे.

ती कॉलेजात जाणारी मुलगी आहे. शिकणं म्हणजे तिच्या लेखी वर्गात बसणं, नवीन काहीतरी कळणं, वहीत उतरवणं. त्या मापानं मोजलं तर ती बरोबर बोलते. तुमचे वडीलजन दिवसभर शेतात राबून शनिवारी रात्री कंदिलाखाली उपदेश लिहीत असतील, त्यांची मोबाईलवरच्या वक्त्याशी बरोबरी कशी व्हावी? तिथं तुम्ही वाद घालू नका, हरलात तर हरलात. मोबाईल वाईट आहे असंही म्हणू नका. तिच्या वयाची पोरगी रोज आपणहून वचन ऐकते, याबद्दल आधी देवाचे आभार माना. माप कुठं चुकतंय तेवढं तिला दाखवा.

बायबलात प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात आफ्रिकेतल्या कूश देशाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत चाललेला असतो. शिकलेला माणूस, स्वतःची पोथी बाळगण्याइतका सधन. घरी बायबल वाचणाऱ्या तुमच्या लेकीसारखाच. फिलिप्प नावाचा सुवार्तिक रथाजवळ धावत जातो आणि विचारतो, वाचताय ते समजतं काय? तो म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार? मग फिलिप्प वर चढून त्याच्याशेजारी बसतो. मोबाईलवरचा उपदेशक कितीही गोड बोलो, तो रथात चढत नाही. तुमच्या लेकीला काय कळलं, कशानं ती रात्री रडली, कुणावर तिचा राग आहे, हे त्याला ठाऊक नाही आणि होणारही नाही. ती मधेच बंद करून झोपली तरी त्याला पत्ता लागत नाही. तुमच्या मंडळीत ती सहा महिने आली नाही, तर किती जणींनी विचारलं असेल? तिला ते विचारणं नकोसं वाटत असेल. तरी विचारलं गेलं.

आता तुमच्या स्वतःच्या प्रश्नाकडं येते, मला तो जास्त मोठा वाटतो. तीस वर्षं जाऊन मी काय शिकले, असं तुम्ही लिहिलंत आणि पुढच्याच ओळीत, पत्राला उशीर का झाला हे सांगताना, त्याचं उत्तर लिहून गेलात.

पहिल्या शतकांतली मंडळी बाप्तिस्मा मागणाऱ्याला लगेच आत घेत नसे. तिसऱ्या शतकातली म्हणून ओळखली जाणारी एक जुनी नियमावली आहे. तिच्यात अशा उमेदवाराला तीन वर्षं वचन ऐकायला लावा असं म्हटलंय आणि लगेच पुढं सांगितलंय की माणूस मनापासून झटत असेल तर वर्षं मोजू नका, वागणूक बघा. तीन वर्षांनी परीक्षा कशाची घ्यायची? किती वचनं पाठ आहेत, याची नव्हे. ज्यांनी त्याला आणलं त्यांना विचारायचं, की या काळात हा माणूस नीट वागला का, विधवांना मान दिला का, आजाऱ्यांना भेटायला गेला का, सत्कर्मं केली का. त्यांनी साक्ष दिली की पुढचं शिक्षण.

ताई, पंधरा रात्री तुम्ही एका विधवेच्या घरात झोपलात. तुम्हाला ते कुणी वर्गात शिकवलं नाही. लहानपणापासून तुम्ही बघत आलात, की कुणाच्या घरी मरण आलं की मंडळीतल्या बायका भाकऱ्या थापून नेतात, पुरुष खड्डा खणायला जातात, संध्याकाळी गीतं म्हणायला सगळे अंगणात जमतात. बघता बघता ते तुमच्या हातापायांत उतरलं. इतकं, की ते काही शिकलेलं आहे हेच तुमच्या ध्यानात राहिलं नाही, ते उशिराचं कारण म्हणून लिहावंसं वाटलं. त्या जुन्या परीक्षेत तुम्ही पास आहात.

आपण मेथडिस्ट, म्हणून आपल्याच घरातली एक गोष्ट सांगते. १७४२ साली इंग्लंडात ब्रिस्टल गावी आपल्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या लोकांच्या डोक्यावर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. ते फेडायचं कसं याची बैठक बसली. फॉय नावाचे एक कप्तान म्हणाले, प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, कित्येकांना तेवढंही झेपणार नाही. तेव्हा ते म्हणाले, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडं लावा. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, ज्याला देता येणार नाही त्याचं मी भरीन. बाकीच्यांनीही तसंच मान्य केलं. घरोघर पेनी गोळा करायला माणसं फिरू लागली आणि त्यांना दिसायला लागलं, की अमका पिऊन पडलाय, तमक्याच्या घरात नवराबायकोचं पटत नाही. वेस्लींना उमगलं की आपल्याला हवं होतं ते हेच. कर्जवसुलीची फेरी माणसं सांभाळण्याची फेरी झाली. दहाबारा जणांचा गट, एक पुढारी, आठवड्यातून एकदा एकमेकांची विचारपूस, असा तो क्लास सुरू झाला. पुढारी साधी माणसं होती, पाळकांची दीक्षा त्यांना नव्हती. पाळक एका गावाहून दुसऱ्या गावाला फिरत आणि मंडळी टिकली ती या गटांवर.

तुमच्याकडं पाळक एक रविवार सोडून येतात ही अडचण खरीच आहे, पण आपल्या मंडळीची चालच तशी पडलेली आहे. बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० साली सुरू झालं आणि १९०४ साली ते मेथडिस्टांकडं आलं. एवढ्या काळात साहेब आले नि गेले, पाळकांच्या बदल्या होत राहिल्या. मधल्या रविवारी देवळाचं कुलूप उघडणारा माणूस मात्र गावातलाच असायचा.

आता भाषेचं. तुम्ही ते एका वाक्यात उरकलंत, पण मला वाटतं मुलीचं निम्मं दुखणं इथंच आहे. आपल्या सीमाभागातली पोरं घरी मराठी, शाळेत कन्नड, कॉलेजात इंग्रजी अशी तीन पायऱ्यांवर उभी असतात आणि आपण देवळात चौथीच भाषा बोलतो, जुन्या बायबलची मराठी. तारण, नीतिमान ठरणे, समेट, पवित्रीकरण. हे शब्द आपल्याला कानाच्या सवयीनं ओळखीचे झालेत. अर्थ सांगा म्हटलं तर आपल्यातले किती जण सांगतील? मी एकदा संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना विचारलं, तारण म्हणजे काय? एक मुलगा म्हणाला, “बाई, बँकेत दागिने ठेवतात ते.” वर्गातला एकही हसला नाही, सगळ्यांना तोच अर्थ ठाऊक होता. त्या दिवशी मी धडा मिटला आणि आम्ही सगळे तासभर या एकाच शब्दावर बसलो. मग एका मुलीनं सांगितलं, कन्नड बायबलमध्ये याला रक्षणे म्हणतात. मुलांचे डोळे उघडले. रक्षण त्यांना कळत होतं.

तेव्हा लेकीला सांगा, तुझं कन्नड हा कमीपणा नव्हे, आपल्या घराला त्याची गरज आहे. रात्री कुटुंब प्रार्थनेत एकच उतारा तुम्ही मराठीत वाचा, तिला कन्नडमध्ये वाचू द्या. दोन्हीकडचे शब्द शेजारी ठेवा. आपण मंडळी म्हणतो तिथं कन्नड बायबल सभे म्हणतं. सभा म्हणजे जमलेली माणसं. आणि मराठीत मंडळी म्हणजे काय ते तिलाच विचारा. लग्नात “चला मंडळी, जेवायला” म्हणतात ती मंडळी. पूर्वीचे पुरुष बायकोला “आमची मंडळी” म्हणत तीही मंडळी. या शब्दात इमारत कुठंच नाही, व्यासपीठही नाही. आपल्या भाषेनं चर्चसाठी घरादाराचा, पंगतीचा शब्द उचलला याचं मला फार अप्रूप वाटतं. मोबाईलवर उपदेश मिळतो. पंगत मिळत नाही.

तुम्ही लिहिलंत, “गीतं येतात, बस्स.” हे बस्स मला मान्य नाही. छापील पुस्तक घरोघर नव्हतं तेव्हा आपल्या लोकांनी देवाविषयी जे जाणलं ते गाऊनच जाणलं. लोंढ्यावरून घाट उतरला की गोवा. तिथं फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघाच्या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूनं १६१६ साली ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओवीत छापून दिली, कारण पुराण ऐकत वाढलेल्या माणसांच्या कानाला ओवीच ओळखीची होती. पुढं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ती गीतांना अभंगाचा, भजनाचा सूर दिला. आज मराठी उपासनेत कुठल्याही पंथाचे लोक असोत, टिळकांच्या गीताशिवाय रविवार क्वचितच जातो. कॅथलिक शेजाऱ्यांकडं तर मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आणण्याची वाटच १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मोकळी झाली. त्याआधी त्यांच्या आयाबायांचा आधार घरातली जपमाळ आणि तोंडपाठ गीतं. आमची आज्जी शाळेत गेली नव्हती. तिनं अक्षरं ओळखली ती गीतपुस्तकावरून. गीत आधीच पाठ होतं, मग बोट ठेवून ती म्हणायची, हा “ये”, हा “शू”. मरताना तिला आमची नावं आठवत नव्हती, गीताची चार कडवी आठवत होती.

तुम्हाला येणारी गीतं लेकीपुढं म्हणा, पण नुसती म्हणू नका. एखादं कडवं घ्या आणि हे तुम्ही कधी, कशासाठी म्हटलं होतं ते सांगा. कुठल्या आजारपणात, कुठल्या दुष्काळात, कुणाच्या मयताला. ती इतिहासाच्या पुस्तकात असलं काही वाचणार नाही.

थोडं कडूही बोलते, कारण ते टाळलं तर लेक तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. मंडळी चांगलं घडवते तशी बिघडवतेही. पोरं उपदेश विसरतात, पण मोठी माणसं कशी वागतात ते विसरत नाहीत. कमिटीच्या निवडणुकीत आपण एकमेकांशी कसं बोलतो, ते बाकावर बसलेली पोरं बघत असतात. ख्रिस्तात आपण एक आहोत असं म्हणून घरी आल्यावर सोयरीक जुळवताना हळूच “मूळचे कोण?” विचारतो, तेही ती ऐकतात. पैसेवाल्याला पुढची खुर्ची आणि विटा वाहणाऱ्या बाईला दाराजवळची सतरंजी, हेही एक शिक्षणच आहे आणि ते फार पक्कं बसतं. सहा महिन्यांपूर्वी नेमकं काय झालं ते तिला शांतपणे विचारा. कदाचित कंटाळाच असेल. कदाचित तिनं काही पाहिलं असेल, किंवा कुणी तिला काही बोललं असेल. तसं असेल तर तिची बाजू घ्या आणि पाळकांशी बोला. मंडळीची अब्रू झाकण्यासाठी लेकीला खोटं पाडू नका.

बिघाडाबरोबर दुरुस्तीही मी तिथंच पाहिली आहे. आमच्याकडं दोन जावांचं शेताच्या बांधावरून सात वर्षं बोलणं बंद होतं. दर प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीला, एक जण जायची, दुसरी मागं थांबायची. एका रविवारी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वाचन होतं, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी समेट कर. थोरली जाऊ रांगेत पुढं पोचली होती. ती मागं वळली, सगळ्यांसमोर चालत दाराशी गेली आणि धाकटीचा दंड धरून तिला घेऊन आली. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या, पण गुडघे टेकले ते शेजारी शेजारी. बांधाचा तंटा पुढं आणखी वर्षभर चालला, मात्र बोलून चालला. माझ्या वर्गातली आठ वर्षांची पोरगी हे बघत होती. पुढच्या रविवारी मी “समेट” शब्द विचारला तर म्हणाली, “मागं वळून जायचं.” इतका नेमका अर्थ मला कुठल्या कोशात सापडला नाही. त्यासाठी त्या दोन बाया तिथं एका छताखाली असाव्या लागल्या. एकमेकींना नकोशा असलेल्या माणसांत दर आठवड्याला बसणं, आपण निवडलेली नाहीत अशी माणसं आपली म्हणणं, हे मोबाईलवर कसं यावं? तिथं नको तो माणूस बोटानं सरकवता येतो.

आता करायचं काय ते सांगते.

दृढीकरण या ईस्टरला होऊ दे की नको, हे तिला ठरवू द्या. मालकांना हे जड जाईल, मला कल्पना आहे. पण दृढीकरण म्हणजे लहानपणी आईबापांनी तिच्या वतीनं दिलेला शब्द तिनं स्वतःच्या तोंडानं, सगळ्या मंडळीसमोर देणं. लोकलाजेनं उभी राहून दिलेला शब्द तिचाही नव्हे आणि देवाचाही नव्हे. जुन्या मंडळीनं माणसाला तीन वर्षं दिली, तुम्ही एक द्या. पाळकसाहेबांना मोकळेपणानं सांगा, की लेक तयार नाही पण प्रश्न विचारते, तिला वेळ द्या. चांगले पाळक यात अपमान मानत नाहीत. जमलं तर ते गावात येतात त्या रविवारी, उपासना संपल्यावर अर्धा तास तरुण पोरांसाठी मागून घ्या. उपदेश नको, फक्त प्रश्न. चहा तुम्ही करा.

तिला काम द्या. ऐकणारी म्हणून तिला देवळात जागा वाटत नाही, तर हात लावणारी म्हणून वाटेल. खालच्या वर्गातली सहासात वर्षांची पोरं तिच्याकडं द्यायला संडे स्कूलच्या शिक्षकांना सांगा. त्या लहानग्यांनाही पुढं कन्नड शाळेतच जायचं आहे, दोन्ही भाषा नीट येणारी ताई त्यांना हवीच आहे. इंग्लंडात ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली रविवारच्या शाळा चालू केल्या, तेव्हा आठवडाभर कामावर राबणाऱ्या पोरांना अक्षरओळख करून देण्यापासूनच सुरुवात होती. शिकवायला उभं राहिलं की आपल्याला काय येत नाही ते कळतं, आणि माणूस खरा शिकायला लागतो तो तिथून. मी बायबल नीट वाचलं ते माझ्यासाठी नव्हे, एका पाच वर्षांच्या पोरानं “योनाला माशाच्या पोटात अंधार वाटला नाही काय?” असं विचारलं म्हणून.

सुगी आता तोंडावर आली आहे. सुगीच्या सणाला तुमच्याकडंही नवं भात, भोपळे, कोंबडी, अंडी वेदीपुढं येत असतील आणि मग लिलाव होत असेल. या वर्षी तुमच्या दोन एकरांतलं पहिलं भात कोणतं आणि किती न्यायचं, ते तिला ठरवायला सांगा. वजनही तिलाच करू दे. आमची आई रोज भात घालताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, ती देवाची. घरात कमी असलं तरी टाकायची. दानावर मी पुढं पुष्कळ उपदेश ऐकले, पण मला आठवतो तो त्या पत्र्याच्या डब्याचा आवाज.

आणि एकदा तिला त्या आज्जीकडं सोबत न्या. उपदेश करायला नव्हे, रात्री झोपायला. वाटेत काही समजावून सांगू नका.

राहता राहिलं तुमचं आठवी शिकलेलं असणं. अपुल्लोस म्हणून एक मोठा वक्ता होता, शास्त्रात निपुण. आजच्या काळात असता तर तुमच्या लेकीनं त्याला मोबाईलवर ऐकलं असतं. पण त्याला अजून पुरतं समजलेलं नव्हतं. ते कुणाच्या ध्यानात आलं? राहुट्या शिवणाऱ्या प्रिस्किल्ला आणि अक्विला या नवराबायकोच्या. सभास्थानात त्यांनी त्याला अडवलं नाही. आपल्याकडं घेऊन गेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आहे, लेकीबरोबर वाचा. प्रेषित पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याची श्रद्धाही आधी त्याच्या आज्जीत, लोईसमध्ये, आणि आईत, युनीकेत होती, हे पौलानं नावं घेऊन लिहिलंय.

रविवारी सकाळी तुम्ही तुमच्या वेळेला निघा. तिला “येतेस काय?” एवढं एकदा विचारा. नाही म्हणाली तर चेहरा पाडू नका, परत आल्यावर मात्र तिथं काय झालं ते जेवताना सांगा. कोण आलं होतं, कुणासाठी प्रार्थना झाली, कुठलं गीत म्हटलं. तिनं मोबाईलवर काय ऐकलं तेही विचारा आणि एखादा उपदेश तिच्याशेजारी बसून पूर्ण ऐका. कळला नाही तर कळला नाही म्हणा, ती समजावून सांगेल.

हे उत्तर तिला दाखवायचं तर आधी तिला विचारून दाखवा, तिच्याविषयी तुम्ही मला लिहिलंय हे तिला ठाऊक नसेल. आणि तिच्या मनात जे प्रश्न असतील ते तिच्याच हातानं मला लिहून पाठवू दे. कन्नडमध्ये लिहिले तरी चालतील, मला वाचता येतं.